लॅपटॉपपुढच्या चपला

माती तपासणी केंद्रातला मोठा कॉम्प्युटर एसी खोलीत असे. तिथं चपला काढूनच जायचं. ऑपरेटरसाहेबांना ती थंडी सोसेना, म्हणून ते बाहेर व्हरांड्यात बसत आणि जुन्या लॅपटॉपला लांब वायर जोडून आतल्या कॉम्प्युटरवर काम करत. तरी बसताना चपला काढत. शेजारच्या टेबलावर मातीचे नमुने नोंदवताना मला ते नाटक वाटायचं.

एकदा वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, पण त्यांनी उठून चपला घातल्या.

"सायेब, ह्ये तर चालू हाय की," रिपोर्टसाठी तिसगावहून आलेला एक शेतकरी म्हणाला.

"हे नुसतं दार हाय, बाबा. काम आत चालतं."

वीज आली. त्यांनी चपला काढल्या. शेतकऱ्यानंही काढल्या. थोड्या वेळानं मीही.