मोरचुदाची घनता

राजपिपळ्याच्या कॉलेजात जशुबेन वसावा बावीस वर्षं काचसामान धुवत आली. इतक्या वर्षांत किती बाटल्या धुतल्या असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "मोजत बसले असते, तर धुतल्या कुणी असत्या?" प्रयोगशाळा सहायक अंबुभाई येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांची जागा जशुबेनला मिळण्यासारखी होती, फक्त बारावी सायन्स पास हवं. म्हणून बाईनं चव्वेचाळिसाव्या वर्षी ओपन स्कूलचा फॉर्म भरला. लेखी पेपर कसेबसे निभावले. प्रॅक्टिकलची तिला काडीचीही काळजी नव्हती, आणि घोळ नेमका तिथेच झाला.

परीक्षा तिच्याच प्रयोगशाळेत होती. प्रयोग आला, मोरचुदाची घनता काढा. मोरचूद पाण्यात विरघळतं, म्हणून बाटलीत रॉकेल घ्यायचं. वजनं चार करायची: रिकामी बाटली, मोरचुदासकट बाटली, तीच वर रॉकेल भरून, आणि शेवटी नुसत्या रॉकेलनं भरलेली. पहिली दोन झाली. तिनं रॉकेल ओतलं आणि खड्यांतले बुडबुडे वर येईपर्यंत बाटली बाजूला ठेवली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची तृषा कुजबुजली, "जशुबेन, चमचा द्या ना." चमचा देऊन जशुबेन वळली. समोर भरलेली बाटली दिसली. हातांनी आपलं काम केलं: बाटली उचलली, बेसिनमध्ये ओतली, धुतली.

बाटली चकचकीत झाली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

"आता गं बाई!" ती स्वतःलाच म्हणाली. "सवयीनं परीक्षेचीच बाटली धुऊन मोकळी झालीस!"

उत्तर तिला पाठ होतं, दोन पूर्णांक अठ्ठावीस. उत्तर आधी लिहून वजनं मागून जुळवणारी पोरं तिनं वर्षानुवर्षं पाहिली होती. पेन हातात होतं. तिनं ते खाली ठेवलं, परीक्षकांकडून पुन्हा मोरचूद मागून घेतलं, बाटली स्पिरिट फिरवून सुकवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हवा काढायला जेमतेम दहा मिनिटं उरली.

तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरगावचे ध्रुवसाहेब बसले होते. त्यांनी तिची वही उघडी धरली.

"बेन, सगळ्यांचं दोन पूर्णांक अठ्ठावीस. तुमचंच एकवीस कसं?"

"खड्यांत हवा राहिली, साहेब. टिचक्या मारून काढायला अर्धा तास लागतो. भरलेली बाटली मीच धुऊन टाकली, मग वेळ कुठून आणू?"

"धुऊन टाकली?" साहेबांना हसू आवरेना. "पण खरं उत्तर ठाऊक होतं ना?"

"होतं की. पण ते पुस्तकाचं. माझ्या बाटलीचं हेच आलं."

साहेबांनी तिच्या वहीवर सही केली. मग बाकीच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "अकरा जणांचं अगदी काटेकोर अठ्ठावीस! तराजू तरी उघडलात का रे? चला, पुन्हा वजनं करा. आणि जशुबेन, तुमचं झालं, तुम्ही पास. आता जरा यांना शिकवा."

जशुबेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पदरानं ते पुसून ती तराजूपाशी गेली.

"बाटली गळ्याला धरायची रे, पोटाला नाही. हाताच्या उबेनं रॉकेल बाहेर येतं."

तृषानं बाटली जपून उचलली. "अशी का, मॅडम?"