नडीनचे दगड आणि अर्धा इंच

एल्डन प्रूइट कुणालाही 'कसा आहेस' असं विचारण्याआधी त्याच्या टायरवरून हात फिरवायचा. हिवाळा काढायला आम्ही सगळे म्हातारे गाडीमागे राहायचे ट्रेलर ओढत क्वार्टझाइट गावाबाहेरच्या वाळवंटात येतो. नवा ट्रेलर थांबायचा अवकाश, हा त्याच्या चाकाशी गुडघ्यांवर बसलेला. तळहात आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं की म्हणायचा, "ॲक्सल तिरका आहे बाबा. तुझा टायर चालत नाही, फरफटतोय." आणि आतली कड नुसतीच गुळगुळीत झिजलेली असेल तर, "वजन आहे. खरं सांग, काय काय कोंबलंयस आत?" समोरचा कबूल होईपर्यंत तो उठायचा नाही.

नेब्रास्कात चाळीस वर्षं त्याने गुरांचे ट्रेलर दुरुस्त केले होते. आमच्या ट्रेलरांना चाकांच्या जोड्या धरणारे दोन-दोन ॲक्सल, आणि ते एकमेकांना समांतर नसले की एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे, मध्ये टायर भरडले जातात. एल्डन टेप घेऊन मोजायचा, गरज पडली तर कापून पुन्हा जोडून द्यायचा. मोबदल्यात राजमा-खिम्याची वाडगाभर चिली खाऊन जायचा, तीही नावं ठेवत.

त्याच्या स्वतःच्या ट्रेलरचा मागचा उजवा टायर मात्र दर वर्षी कडेने टक्कल पडून यायचा. दोष कोणाचा, हे त्याने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. दोष नडीनच्या दगडांचा.

नडीन ही त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, कमी बोलणारी. रोज सकाळी ती एकटीच टेकड्यांकडे निघायची आणि दुपारी पिशवीभर दगड घेऊन यायची. अकीक, लालभडक जास्पर, दगड झालेलं लाकूड, फोडले की पोटात स्फटिक निघणारे गोळे. पलंगाखाली उजव्या बाजूला तिच्या पेट्या होत्या. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी, कुठल्या ओढ्यात, कुठल्या दिवशी सापडला त्याची.

"उजव्या अंगाला डोंगर घेऊन फिरतोय मी," एल्डन गुरुवारच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणायचा. "टायर काय करेल बिचारा?"

"नडीन, यंदा आख्खा डोंगर नेतेस का अर्धा?" कुणीतरी विचारायचं. आम्ही हसायचो. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू? नडीन मक्याच्या पावाचे तुकडे करत राहायची. अकरा वर्षं हे चाललं.

मागच्या हिवाळ्यात येताना तो टायर भर रस्त्यात फुटला. जीवावरचं चाकावर निभावलं, पण एल्डन महिनाभर तेच उगाळत बसला. त्यातच नडीनचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, तरी चढ-उताराला डॉक्टरांनी कायमची मनाई केली. मार्चमध्ये निघायच्या आदल्या दिवशी तिने बाहेर टेबलं मांडली, सगळे दगड ओळीने ठेवले आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'हवे ते न्या'. या गावात दगड फुकट म्हटल्यावर काय, दुपारपर्यंत टेबलं रिकामी. मीही एक अकीक उचलला. तिने त्याची चिठ्ठीसुद्धा माझ्या हातात दिली. मी घेतली, याची मला आजही लाज वाटते.

एल्डन त्या दिवशी कुणाच्या तरी ट्रेलरखाली आडवा होता. संध्याकाळी आला, रिकाम्या पेट्या पाहिल्या आणि म्हणाला, "आता बघ कसा पळतो ट्रेलर."

नोव्हेंबरात ते परत आले. टायर नवे कोरे घातलेले, पलंगाखाली फक्त चादरी. आणि मागच्या उजव्या टायरची कड पुन्हा गेलेली.

एल्डन त्या चाकासमोर आला. मग वाकला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या टायरवर त्याने तळहात ठेवला. आतून बाहेर. बाहेरून आत. उलट फिरवताना हाताला करवत लागली.

"वनीटा," त्याने मला हाक मारली, "टेप धर जरा."

मी पुढे, ट्रेलर गाडीला जोडायच्या कडीपाशी, टेपचं टोक धरलं. पुढचा ॲक्सल दोन्हीकडे सारखा. मग पुढच्या ॲक्सलपासून मागच्यापर्यंत. डावीकडे सव्वातेहतीस इंच. उजवीकडे पावणेतेहतीस.

"पुन्हा धर."

तीनदा मोजलं. अर्धा इंच. तिथली, ॲक्सल जागेवर धरणारी कमानपाट्याची पट्टी अकरा वर्षांपूर्वी रस्त्यात तुटली होती आणि एल्डनने रस्त्याच्या कडेला बसून ती स्वतः जोडली होती. अर्धा इंच पुढे. गावभरचे ट्रेलर मोजणाऱ्याला हा एक मोजावासा वाटला नाही, कारण काम त्याच्या हातचं होतं.

मला त्याचा राग आला, आणि कीवही आली. तो टोपी काढून दारापाशी गेला. नडीन आत बटाटे सोलत होती.

"दगडांमुळे नव्हतं," तो म्हणाला. "माझंच वेल्डिंग चुकलं होतं. पहिल्यापासून."

ती सुरी चालवत राहिली. "बरं," म्हणाली. "मग नीट करून घे."

दोन दिवसांत त्याने पट्टी कापून जागेवर बसवली. तिसऱ्या दिवशी एकटाच टेकड्यांकडे गेला. दुपारी परतला तो उन्हाने भाजलेला, हातात बादली. त्याने ती तिच्या पायाशी ठेवली. आत राखाडी, धुळकट दगड.

नडीनने एकेक उचलून पाहिला आणि बाजूला ठेवला. "यात काही नाही रे, एल्डन."

"मला सगळे सारखेच दिसत होते."

"कोरडे सारखेच दिसतात. पाणी टाकून बघावं लागतं, तेव्हा आतला रंग कळतो. रोज दोन बाटल्या न्यायचे मी."

"मला वाटायचं, प्यायला नेतेस."

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "एकदा बरोबर आला असतास तर दिसलं असतं."

ती उठायला लागली, गुडघा दुखला तशी पुन्हा खाली बसली. एल्डनने हात पुढे केला. तिने तो धरला नाही.