पिवळ्याच्या बाजूचा ढाळ

स्नूकरचा क्यू, म्हणजे ती खेळायची लांब काठी, कशी धरायची, हे आज मला कोणी विचारलं तर मी सांगत नाही. येत नाही म्हणून नव्हे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण सांगायला लागलो की तोंडात मास्तरांचीच वाक्यं येतात आणि डोक्यात तिडीक जाते.

मास्तर म्हणजे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या स्नूकर पार्लरचे मालक. आयुष्यभर एका जिमखान्यात मार्कर होते. म्हणजे साहेब लोकांनी खेळायचं आणि यांनी कडेला उभं राहून गुण पुकारायचे. निवृत्त झाल्यावर त्या जिमखान्याने मोडीत काढलेलं टेबल त्यांनी उचललं आणि एका गाळ्यात टाकलं. वर पत्रा, शेजारच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनवणारं मशीन दिवसभर धडधडतंय, आणि मध्ये हे बारा फुटी हिरवं टेबल. मी अकरावीत होतो तेव्हा कॉलेज बुडवून तिथे पहिल्यांदा शिरलो.

शिकवायचे मात्र झकास, हे कबूल करावंच लागेल. पहिला महिनाभर त्यांनी मला एकही बॉल पाडू दिला नाही. नुसतं उभं राहायला शिकवलं. उजवा पाय शॉटच्या रेषेवर, डावा थोडा पुढे, हनुवटी क्यूला टेकलेली. डावा पंजा कापडावर पसरायचा, अंगठा उभा करायचा आणि त्या खाचेतून क्यू जाऊ द्यायचा. मागची मूठ सैल. हलायचा तो फक्त कोपराखालचा हात. मागे न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग सोडायचा. खांदा हलला की मास्तर मागून चॉकचा खडा फेकून मारायचे. नेम धरायची त्यांची रीत साधी होती. जो बॉल पाडायचाय त्याला पॉकेटच्या बरोबर उलट बाजूने चिकटून एक खोटा पांढरा बॉल बसलाय असं समजायचं, आणि आपला खरा बॉल त्याच्या जागी नेऊन ठेवायचा. खोटा बॉल दिसेपर्यंत मारायचंच नाही. मला तो दिसायला लागला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं.

आता त्या टेबलाबद्दल. तो सगळा भाग भराव घालून वसवलेला, त्यामुळे गाळ्याची जमीन एका अंगाला खचली होती. स्नूकरच्या टेबलाच्या एका टोकाला हिरवा, तपकिरी आणि पिवळा असे तीन बॉल ओळीत मांडतात. आमचं टेबल त्यातल्या पिवळ्याच्या बाजूला किंचित उतरतं होतं. हळू मारलेला बॉल जाता जाता बोटभर तिकडे सरकायचा. आम्हा रोजच्या पोरांना हे ठाऊक होतं, म्हणून आम्ही नेम बोटभर हिरव्याकडे धरायचो. बाहेरून कोणी खेळायला आला तर त्याला सांगायचं नाही, हा तिथला कायदा. बोरिवली-मालाडचे भलेभले यायचे आणि मान खाली घालून जायचे, आम्ही ताकास तूर लागू द्यायचो नाही. मीही त्यांना हसलोय, खोटं कशाला बोलू.

मी तेवीस वर्षांचा असताना एका कंपनीत क्रीडा कोट्यातून स्नूकरपटूची जागा निघाली. एकच जागा, पण कायमची नोकरी. आमचे आजोबा मालवणाहून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी गेली आणि बाबांनी हातात थापी घेतली. लोकांच्या घरात फरशा बसवायच्या. जन्मभर उकिडवं बसून त्यांचे गुडघे गेले होते. मला ही नोकरी लागली की आपण काम सोडणार, असं त्यांनी चाळीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. चाचणी तीन महिन्यांनी होती, चेंबूरच्या एका क्लबात.

मी मास्तरांना विनवलं, तीन महिन्यांपुरतं तरी टेबल सरळ करा. माझा हात ढाळावर बसलाय, तिथल्या सरळ टेबलावर वाट लागेल. ते बरं म्हणाले. सोमवारी सकाळी गेलो तर मास्तर टेबलाखालून बाहेर येत होते. हाताला ग्रीस, टेबलाच्या पायांखाली लाकडाच्या कोऱ्या पाचरी. झालं तुझं काम, म्हणाले, आणि त्यांनी पांढऱ्या बॉलवर एक सणसणीत शॉट मारून दाखवला. बॉल सरळ गेला, सरळ परत आला. जोरात मारलेल्या बॉलला ढाळ कळत नाही, हे मला मास्तरांनीच शिकवलेलं. तेव्हा आठवलं नाही.

घरी सांगितल्यावर बाबांचे डोळे बारीक झाले. "मी येवन पाणसळ लावन बघू काय?" म्हणाले. पाणसळ म्हणजे गवंड्याची लेव्हल, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. मी नको म्हटलं. मास्तर गुरू आहेत, त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, असं काहीतरी बोललो. ते अर्धंच खरं होतं. सिमेंटने फुटलेल्या हातांचे बाबा पिशवीतून अवजार काढून माझ्या दोस्तांसमोर त्या टेबलावर ओणवे होणार, हे मला सोसवणारं नव्हतं. माझी मलाच शिसारी येते आता.

तीन महिने मी रोज सकाळी पार्लर उघडायच्या आधी एकटा खेळलो. सगळे शॉट आधीसारखेच पडत होते. मास्तर म्हणायचे, बघ, तुझा हात मुळातच सरळ आहे, ढाळाने काही बिघडवलेलं नाही. आणि मी बैलोबा खूश व्हायचो. अरे, टेबल खरंच सरळ झालं असतं तर पहिल्याच दिवशी माझे निम्मे शॉट चुकायला नकोत? एकही चुकला नाही आणि मला त्यात काही खटकलं नाही. कौतुक ऐकताना माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

चेंबूरला माझ्यासमोर मुलुंडचा एक किडकिडीत पोरगा होता. पहिलाच लाल बॉल, सोपा, अगदी नवशिक्याने पाडावा असा. खोटा बॉल स्वच्छ दिसला, खांदा हलला नाही, मारला. बोटभर हिरव्याच्या बाजूला गेला. वाटलं, घाबरलोय. दुसरा मारला, तोही तिकडेच. जोरात मारलेले पडत होते, हळू मारलेला प्रत्येक हिरव्याकडे. पाचसहा शॉटनंतर मला कळलं, पण कळून उपयोग काय? डोक्याने नेम बदलला की हात आपल्या सवयीने तो परत ओढून न्यायचा. दोन फ्रेम, म्हणजे दोन डाव, झाले आणि परीक्षकांनी माझ्या नावावर काट मारली. तो मुलुंडचा पोरगा येऊन "बॅड लक, यार" म्हणाला. मला त्याचा हातही नीट धरता आला नाही.

चाळीत आत्या म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या पिशवीतून पाणसळ न विचारता काढली आणि पार्लरला गेलो. टेबलाच्या कडेवर आडवी ठेवली. बुडबुडा उंच बाजूला, म्हणजे हिरव्याकडे, जाऊन बसला. खाली वाकून पाहिलं तर पाचरी पायांना नुसत्या टेकवलेल्या, एकही आत ठोकलेली नाही. बोटाने ढकलली की हलत होती.

मास्तर कोपऱ्यात बॉल पुसत होते. मी ओरडणार होतो, शिव्यासुद्धा तयार ठेवल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "टेबल सरळ केलं असतं तर बाकीच्या पोरांचा खेळ मोडला असता. उठून गेली असती सगळी. आणि नोकरी लागल्यावर तू तरी इथे कशाला आला असतास?"

मी पाणसळ उचलून घरी आलो आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ पाणसळ हातात फिरवत राहिले. "माझा हत्यार न्हेवक तुका लाज वाटली," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामावर गेले. अजूनही जातात.

मी आज एका कुरियरच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्या चाचणीनंतर वर्षभर बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडची टेबलं पालथी घातली. पहिल्यापासून शिकायचा प्रयत्न केला. कॉलेजची पोरं मला हरवायची आणि वर सल्लेही द्यायची. सरळ टेबलावर माझा हात आजही वाकडाच पडतो.

मग एका रविवारी झक मारत चारकोपला गेलो. क्यू उचलला, पहिलाच शॉट हळू मारला, आणि बॉल सरळ पॉकेटमध्ये. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी नेहमीच्या आवाजात गुण पुकारला, आणि मला बरं वाटलं. या बरं वाटण्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. तेव्हापासून दर रविवारी जातो. मला तिथे उस्ताद म्हणतात. बाहेरचा कोणी आला की मीही त्याला काही सांगत नाही.

गेल्या रविवारी मी पार्लरहून आलो तेव्हा बाबा जेवायला बसले होते. इतक्या वर्षांत त्यांनी पार्लरचा विषय काढला नव्हता. भात कालवता कालवता म्हणाले, "आता तरी टेबल सरळ केल्यानी मा रे?"

मी म्हटलं, "केलं हो बाबा, कधीच केलं."

"मगे बरा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आईला माझं पान वाढायला सांगितलं.