डॅशबोर्डच्या मध्यावर

जुन्या कातड्याचा वास आला की शारजाचं ते गॅरेज आठवतं. नव्वदच्या दशकात हे तिथे एका अरब मालकाच्या, एकाच कंपनीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार सांभाळायचे. साखरेमुळे ह्यांची नजर धूसर होत चालली होती. मालकाला कळलं असतं तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही गेले असते, म्हणून हे लपवत होते. एका शुक्रवारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा मालकाने त्याच कंपनीचं पुढचं मॉडेल नुकतंच आणलं होतं. "यल्ला, चला के दिखाओ!" नव्या गाडीत चावीची जागा चाचपडत शोधावी लागली असती, तर सगळं उघड झालं असतं. ह्यांचा हात मात्र सरळ डॅशबोर्डच्या मध्यावर गेला. चावी तिथेच होती आणि इंजिन सुरू करायचं वेगळं बटणही शेजारीच. जुन्या गाडीतली ती विचित्र मांडणी कंपनीने नव्या गाडीतही तशीच ठेवली होती. "मेरा आदमी आँख बंद करके भी चलाएगा!" मालक खूश झाला. घरी येताना हे म्हणाले, "सुटलो गं! डोळ्यांचं आता सुट्टीत गावी गेल्यावर बघू." मीही हो म्हटलं. सुट्टीच्या आधीच ती गाडी रस्त्यात उभ्या ट्रकवर आदळली आणि हे गेले. इतक्या वर्षांनी अजून वाटतं, त्या दिवशी ह्यांचा हात चुकायला हवा होता.