कोयत्याची नोंद

आमच्याकडे ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवते, आणि मोजताना दोघं मिळून एक. माझे आई-बाबा असा एक कोयता होते. दिवाळी झाली की ते चकलांब्याहून टोळीबरोबर निघायचे आणि मी वसतिगृहात राहून शिकायचे. शिकून गेवराईत, हायवेलगतच्या दोन खोल्यांच्या कंपनीत प्रोग्रामर झाले. तिथे पहिलं मोठं काम आलं ते आई-बाबा जायचे त्याच कारखान्याचं. मजुरांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर हवं होतं.

हे काम कसं चालतं ते सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. प्रोग्राममध्ये आपण वस्तू धरून विचार करतो. मुकादम, त्याची टोळी, टोळीतले कोयते, कोयत्याचे हंगाम. डेटाबेसला वस्तू कळत नाहीत, त्याच्याकडे नुसते तक्ते, ओळी आणि रकाने. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवतात, त्याला ओआरएम म्हणतात. वस्तू कशी आहे ते, म्हणजे तिचा क्लास, एकदा लिहून दिला की तो तिचा तक्ता बनवतो, ती ओळीत भरतो आणि मागितली की पुन्हा वस्तू करून हातात देतो. सोय मोठी आहे. फक्त तुम्ही ज्याला वस्तू मानलंच नाही, त्याला तो ओळ देत नाही.

कोयत्याचा क्लास आमच्या कंपनीच्या मालकांनी, सरांनी, स्वतः लिहिला. माहिती सांगायला एक मुकादम येऊन बसला होता. नाव नवऱ्याचं, अंगठा नवऱ्याचा. बायकोसाठी एक रकाना: पत्नी, आहे किंवा नाही. मी म्हणाले, "सर, मजूर दोन आहेत. दोघांच्या वेगळ्या नोंदी करू आणि त्यांना जोडणारी जोडीची तिसरी."

सर हसले. "तू कावून ताण घेती? कोयता एकच असतो की न्हाई?"

"बाईचं नाव कशाला, पोरी?" मुकादम म्हणाला. "ती हायेच की त्याच्यासंगं."

माझी आई आहे त्यात, असं मी सांगितलं. सर म्हणाले, घरचं ऑफिसात आणू नकोस. त्यांना बोलायला काय जातंय, त्यांच्या आईने कधी मोळी उचलली नाही.

मागच्या हंगामात बाबा फडातच छातीत कळ येऊन गेले. कारखान्याच्या ऑपरेटरने मयत म्हणून बटण दाबलं. कोयता काढला की त्याच्याखालचं सगळं आपोआप निघून जावं, असं सरांनी क्लासमध्ये लिहून ठेवलं होतं. डेटा सुटसुटीत राहतो म्हणे. बाबांची ओळ गेली आणि तिच्याबरोबर दोघांनी मिळून केलेले सगळे हंगाम गेले.

या उन्हाळ्यात कारखान्याने जुन्या मजूर बायकांना रोपवाटिकेत काम द्यायचं ठरवलं. बसून करायचं, बारमाही. मोळ्या वाहून आईची मान कायमची आखडली आहे. तिने आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, हे काम मात्र तिला हवं होतं. मी तिला घेऊन गेले. क्लार्कने शोधलं आणि मान हलवली.

"तुमची नोंद न्हाई, मावशी."

"आन् शेजारणीची कशी हाय?"

"त्यांचे मालक हायेत ना, त्येंच्या अंगठ्यावर."

आई माझ्याकडे बघत राहिली. पोरगी कंप्युटरात काम करते, ती काहीतरी करेल, असं तिला वाटत होतं. मी सरांच्या मानगुटीवर बसून बॅकअपमधून ती ओळ परत आणवली. सगळे हंगाम जसेच्या तसे आले. बायकोच्या रकान्यात लिहिलं होतं, आहे.

"पण कोण, ते कुठं हाय ह्यात?" क्लार्क म्हणाला. "उद्या दुसरीच कुणी यिऊन बसंल."

मी त्याला नाही नाही ते बोलले. काही उपयोग झाला नाही. सर म्हणाले, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. त्यांचा मला आजही संताप येतो, आणि त्याच माणसाच्या ऑफिसात मी आजही रोज वेळेवर जाते.

यंदा दिवाळी झाली आणि आई तशीच आखडलेली मान घेऊन टोळीबरोबर गेली. जोडी नसलेल्या माणसाला अर्धा कोयता धरतात. आठवड्याने नव्या हंगामाचा डेटा आमच्याकडे आला. त्यात आईचं पूर्ण नाव होतं, अंगठा तिचाच होता, स्वतंत्र ओळ होती. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आलं का गं माजं नाव?"

"आलं," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुज्या बापाबरुबर व्हते तवा कदी आलं न्हाई."