कोंडाजींनी परत घेतलेला शब्द

पिंपळवाडीच्या कोंडाजी येळवंड्यांना लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, आणि याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. चाकणच्या बैलबाजारात ते दलाल होते, आणि त्या धंद्यात कागदाला विचारतो कोण! उपरण्याखाली दोन हात शिरायचे, बोटांना बोटं लागायची, वर दोन्ही चेहरे मख्ख, आणि सौदा होऊन जायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पुरा पंजा धरला की पाच. त्यातलं एक म्हणजे दहा की शंभर, हे समोरचा बैल बघूनच समजायचं. भोवती जमलेल्या बघ्यांनी कितीही माना लांब केल्या तरी त्यांना कशाचा पत्ता लागत नसे. आणि कोंडाजींइतका मख्ख चेहरा तर अख्ख्या बाजारात कुणाला जमला नव्हता. बैल हातचा गेला काय आणि गळ्यात पडला काय, त्यांच्या मिशीचा केसही हलायचा नाही.

पण त्यांचं नाव होतं ते चेहऱ्यासाठी नव्हे, शब्दासाठी. खेडकडचा शेतकरी असो की मावळातला, बैल घेऊन बाजारात शिरला की आधी विचारणार, "येळवंडे आलेत का?" कोंडाजी एकदा "दिला" म्हणाले की बैल गेला. मागून कुणी जास्त देऊ केले तरी ते ऐकूनसुद्धा घेत नसत. एकदा त्यांच्या भरवशावर घेतलेला बैल घरी पोचायच्या आतच लंगडायला लागला. कोंडाजींनी आपली दलाली तर सोडलीच, वर स्वतःच्या गोठ्यातला धडधाकट बैल नेऊन त्या माणसाच्या दावणीला बांधला. तेव्हा त्यांची बायको हयात होती. ती बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर कोंडाजींना त्या अबोल्याचाही थोडा अभिमानच होता.

अशा माणसानं आयुष्यात एकदा, फक्त एकदा, दिलेला शब्द परत घेतला. वाडीत आजही त्यांचं नाव निघालं की आधी हीच गोष्ट निघते.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. वाडीला शाळा मिळाली होती, पण इमारत मिळाली नव्हती, म्हणून भैरवनाथाच्या देवळातच चारही इयत्ता बसायच्या. मास्तर एकटे. ज्योतीराम गुरुजी, सासवडकडचे, ट्रेनिंग करून नुकतेच लागलेले, मिशा धड न फुटलेल्या. कोंडाजींचा मुलगा मारुती देहूरोडच्या डेपोत कामाला होता, पहाटे सायकल काढायचा तो दिवेलागणीला घरी टेकायचा. त्याच्या पोरीला, शालनला, शाळेत घालायचं ते त्याच्या बायकोनं, कौशल्येनं, मनावर घेतलं. सासऱ्याशी ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती, पण त्या एका गोष्टीसाठी तिनं इतके दिवस पिच्छा पुरवला की कोंडाजी कंटाळून म्हणाले, "बरं बाई, घाल. नायतर तू मलाच शाळंत घालशील."

वाडीत पोर शाळेत घालायची एक रीत होती. घरातल्या वडीलधाऱ्यानं मास्तरांपुढे नारळ ठेवायचा, पोराचा हात त्यांच्या हातात द्यायचा आणि चारचौघांत म्हणायचं की पोर आता तुमचं, मारा, झोडा, आम्ही विचारायला येणार नाही. प्रत्येकजण म्हणायचा. कोंडाजींनीही शालनचा हात मास्तरांच्या हातात दिला आणि म्हटलं. म्हणताना त्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही.

शालन शाळेत रमली. संध्याकाळी आजोबा ओट्यावर बसले की ती पळत यायची आणि दोघांचा बैलबाजार भरायचा. कोंडाजी मांडीवर उपरणं टाकायचे, त्याखाली दोघांचे हात जायचे, आणि नसलेल्या बैलाचा भाव ठरायचा. पोरगी मोठी वस्ताद होती. चेहरा असा ठेवायची की आजोबांनाच हसू यायचं. एवढ्याशा बोटांनी ती बेरीज शिकली, वजाबाकी शिकली, आणि आजोबांना तिनं दोनदा फसवलंही. नातीनं आपल्याला फसवलं हे त्यांनी बाजारात चार जणांना कौतुकानं सांगितलं होतं.

एका संध्याकाळी ती पळत आली नाही. हाक मारली तर हात पाठीशी धरून आली. कोंडाजींनी उपरणं पसरलं, तिनं खालून हात सरकवला, आणि त्यांनी नेहमीसारखी दोन बोटं धरली तशी पोर कळवळली. त्यांनी उपरणं काढलं नाही. जनावराच्या खुराला काटा लागला तर जसा हलक्या हातानं चाचपायचा, तशी त्यांनी ती बोटं एकेक करून चाचपली. मधली दोन्ही सुजली होती आणि त्यांच्या कडांना खोल वळ होते.

"कशानं झालं?"

"काय न्हाई, आबा."

"उपरन्याखाली खोटं बोलायचं न्हाई, पोरी. बाजाराचा नेम हाय."

मग ती बोलली. गणित चुकलं की मास्तर बोटांमध्ये पाटीची पेन्सिल घालून दाबतात. सगळ्यांनाच दाबतात, पण तिला जास्त. कारण ती गणित करताना परकराच्या घडीखाली हात लपवून बोटं धरते. मास्तर म्हणतात ही लबाडी आहे, गणित डोक्यात झालं पाहिजे.

"मंग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी खेळायचं बंद केलं असतं म्हून," शालन म्हणाली.

जी खोड पोरीला मार देत होती ती कोंडाजींनीच लावली होती.

मारुती डेपोतून आला, त्यानं पोरीचा हात पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं. "उद्यापास्नं शाळा बंद! पोरीला काय मामलेदार करायचीय? बसू द्या घरी, शेण-गोठा करंल." तेवढ्यात शेजारचा भैरू आला. तोही बैलांचा दलाल, कोंडाजींचा जुना जोडीदार आणि तितकाच जुना चढाओढीचा गडी. त्यानं वेगळीच वाट सांगितली. "खेडला सायबाकडं अर्ज करा. मास्तरची बदली हुईल, तुमचं नाव कुटं यायचं न्हाई."

कोंडाजी दोघांचंही ऐकत होते. शाळा बंद, हे त्यांना मनातून पटू लागलं होतं. शब्द मोडावा लागणार नव्हता, भांडण नव्हतं, पोर डोळ्यांपुढे राहिली असती. तेवढ्यात दाराआडून कौशल्येचा आवाज आला.

"मामंजी, चूक मास्तरची आन् घरी बसायचं पोरीनं व्हय? एक शिक्षा तिनं भोगली. ही दुसरी आपन देतोय."

मारुतीनं मान खाली घातली. कोंडाजींनी सुनेकडे पाहिलं नाही, तशी रीत नव्हती, पण ती बोलली ते त्यांच्या काळजाला जाऊन भिडलं.

"मी जातो शाळंत," ते म्हणाले. "म्या दिलेला शब्द मीच परत घेनार."

भैरू दचकलाच. "कोंडाजी, येडा का काय तू? पंचवीस-तीस वर्सं तुजं नाव त्या शब्दावर चाललंय. एकदा शब्द फिरवलास की बाजार इसरत न्हाई. अर्ज कर की गुपचूप!"

"शब्द तोंडानं दिलाय. अर्जानं कसा परत घेऊ?"

त्या रात्री त्यांना झोप लागली असेल असं वाटत नाही. भैरू म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. दलालाकडे शब्दाशिवाय असतं काय?

सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला, हातात नारळ घेतला आणि शालनला घेऊन ते देवळात गेले. पायताणं पायरीशी काढली, भैरवनाथाला हात जोडले आणि नारळ मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. चारही इयत्तांचे पाढे जागच्या जागी थांबले.

"आज कुणाला घालायचं शाळेत?" ज्योतीराम गुरुजी हसत म्हणाले.

"कुनाला न्हाई. तवा नारळ ठिवून शब्द दिला व्हता, की मारा, आमी इचाराया येनार न्हाई. आज नारळ ठिवून त्यो परत घ्याया आलोय."

मास्तरांचं हसू मावळलं. "आबा, ती बोटं मोजते. लपवून मोजते. ही सवय आत्ता मोडली नाही तर चौथीच्या परीक्षेत मागे पडेल. मी तिच्या भल्यासाठीच करतो."

"भल्यासाठी करता, ठावं हाय. तुमचं शिकवनं वंगाळ असतं तर म्या नारळ आनला नसता, पोर घरी ठिवली असती."

"मार नसला तर पोरं शिकत नाहीत. मीही मार खाऊनच शिकलो."

"असंल," कोंडाजी म्हणाले. "पर बोटं मोजायची खोड पोरीची न्हाई, मपली हाय. म्या लावली. आन् आमच्या बाजारात शब्द मोडनाऱ्यानं दंड भरायचा अस्तो." असं म्हणून त्यांनी बाही सारली आणि उजवा हात मास्तरांपुढे धरला. कासऱ्यांनी रापलेला, एका बोटाचं नख बैलाच्या पायाखाली कायमचं गेलेला हात. "घाला पेन्सिल. जेवढ्या जोरानं पोरीला दाबली तेवढ्याच जोरानं दाबा. मंग शब्द मोडला."

शालन खांबाला टेकून उभी होती, आणि तिचे डोळे आजोबांच्या हातावर खिळले होते. मास्तर एवढेसे झाले. "आबा, हात खाली घ्या," ते पुटपुटले. कोंडाजींनी हात घेतला नाही. शेवटी मास्तरांनीच तो खाली करायला म्हणून धरला, आणि धरूनच राहिले. सगळ्या सौद्यांत हा एकच सौदा असेल ज्यावर उपरणं नव्हतं. अख्खी शाळा उघड्या डोळ्यांनी बघत होती.

"माझ्या वडिलांनीही मास्तरांना हाच शब्द दिला होता," ज्योतीराम गुरुजी म्हणाले. आवाज अगदी पोरासारखा झाला होता. "ते कधी परत घ्यायला आले नाहीत."

कोंडाजींनी दुसरा हात मास्तरांच्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाले, "चुकली तर उभी करा, पाढे म्हनून घ्या, मला बोलवून घ्या. पर हात लावायचा न्हाई. कुनालाच."

"नाही लावणार."

"शब्द?"

"शब्द," मास्तर म्हणाले. आणि शालनकडे वळून त्यांनी सांगितलं, "तू बोटं उघड मोजत जा. सुटतील हळूहळू."

त्या दिवसापासून मास्तर अगदी लोण्यासारखे मऊ झाले असं कुणी सांगेल तर विश्वास ठेवू नये. ओरडायचे, कोपऱ्यात उभं करायचे, डोळे वटारायचे. पण पोरांच्या बोटांना पेन्सिल पुन्हा लागली नाही. आणि पुढच्या जूनमध्ये वाडीतली माणसं नवी पोरं घेऊन आली तेव्हा नारळ तोच होता, पण बोल बदलले होते. "पोर तुमचं, शिकवा," एवढंच म्हणून ती थांबत. पुढचं शेपूट कुणी जोडलं नाही.

पण हे पुढचं झालं. त्याआधी चाकणचा बाजार भरायचा होता.

बातमी अर्थातच आधी पोचली होती. ती कुणी पोचवली हे सांगायला नको. कोंडाजी चिंचेखाली आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले, आणि कुणी जवळ येईना. लोक लांबून बघत, आपसांत बोलत. पलीकडे भैरूभोवती गर्दी होती आणि तो मोठ्यानं सांगत होता, "आता येळवंड्यानं शब्द दिला तर इचारायचं बरं का, किती दिसांसाठी हाय म्हून!" माणसं हसली. कोंडाजींचा चेहरा मख्ख होता. पण पटक्याखाली काय चाललं होतं ते त्यांनाच माहीत.

ऊन चढलं तेव्हा खेडकडचे हिंदुराव खिलाऱ्या बैलांची जोडी घेऊन आले. मोठं खटलं, बाजारात त्यांच्या मताला वजन. भैरू पुढे झाला, पण ते सरळ चिंचेखाली आले.

"कोंडाजी, शब्द मोडलास म्हनं."

"व्हय, मोडला."

"कुनाच्या म्होरं?"

"ज्याला दिला त्याच्याच म्होरं. चारचौघांत."

"आन् दंड?"

"हात फुडं केला. त्यानं घेतला न्हाई."

हिंदुरावांनी बाजारावरून एकदा नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मागनं शब्द फिरवनारी लई बगितली. तोंडावर जाऊन परत घेनारा ह्यो पैलाच. ही जोडी त्याच्याच हातानं इकली जानार." आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी कोंडाजींच्या हातावर टाकलं.

कोंडाजी घरी आले ते गोडी शेव घेऊन, आणि चालण्यात वीस वर्षांपूर्वीची ऐट घेऊन. कौशल्येनं दारातूनच ओळखलं. पाण्याचा तांब्या ठेवताना पदर नीट करून ती वाकली आणि सासऱ्यांच्या पाया पडली, सणवार नसताना.

शालन ओट्यावर वाटच बघत होती. आज उपरणं तिनंच पसरलं.

"कसला बैल हाय आज?" आजोबांनी विचारलं.

"म्हातारा हाय. दात पडल्यात."

"आन् एकदा शब्द बी मोडलाय त्यानं," कोंडाजी म्हणाले. "किंमत कमीच येनार." आणि उपरण्याखाली त्यांनी एकच बोट पुढे केलं.

शालननं ते बोट बाजूला सारलं. मग दोन्ही हातांनी त्यांचा अख्खा पंजा धरला, घट्ट. सूज अजून उतरली नव्हती, दुखत असणार, पण तिनं सोडला नाही.

"ह्यो इकायचा न्हाई," ती म्हणाली.

कोंडाजींनी उभा जन्म बाजारात चेहरा मख्ख ठेवला होता. त्या संध्याकाळी तो त्यांना ठेवता आला नाही.