जिवंत जावेच्या अल्बमसाठी चिंचवड ते चाकण

रविवारी सकाळी चहा घेताना मोबाइलवर माझ्या धाकट्या जावेचा, शालनचा, फोटो आला. भोवती झेंडूची चौकट, खाली दोन समया, वर हात जोडलेले डझनभर पुरुष आणि तळाशी स्थळ व वेळ. माझा चहा सांडला. फोन लावला, तर तीच बोलली.

"आक्का, मी हाय अजून. ते माझ्या भजनांच्या अल्बमचं कव्हर हाय."

चाकणजवळच्या आमच्या गावात, देवळासमोर, संध्याकाळी प्रकाशन होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे टाळ वाजवून ती पहिल्यांदा पुढे बसणार होती. आता म्हणत होती, "सकाळपासनं लोक ह्यांना धीर द्यायला येत्यात. मी न्हाई बसायची गायला."

तिला बसवायचंच, असं ठरवून मी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. चिंचवडहून आधी भोसरी गाठावी, तिथून चाकणची बस. मोशीच्या पुढे बस कंटेनरच्या रांगेत अडकते, म्हणून पाणी आणि संयम घरून न्यावा.

अडकलेल्या बसमध्ये मी कव्हरांचा विचार केला. माझ्याकडे जुन्या तबकड्या आहेत. त्यांवरची शास्त्रीय गायिका तंबोरा धरून कोपऱ्यात अशी बघते, जणू तिकडे दूध उतू चाललंय. लोकगीतांवर हमखास विहिरीवरची तरुणी: नऊवारी, घागर आणि मनगटावर घड्याळ. भक्तिगीतांचा गायक ढगांवर. पण मेलेलं कुणी वाटत नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावत. हे चित्र पाहून मला तेराव्याची तारीख विचारावीशी वाटली.

शेजारच्या गृहस्थांनी मोबाइलमध्ये डोकावलं. "कधी गेल्या?"

"संध्याकाळी गाणार आहेत."

ते चाकणपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

चाकणच्या चौकात मिसळ खाल्ली (तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढचा प्रवास आठवणीत राहील) आणि कव्हर करणाऱ्या फ्लेक्सवाल्याचं दुकान गाठलं.

"ही चौकट श्रद्धांजलीची ना?"

"वाढदिवसालाबी तीच असती, मावशी. वाढदिवसाला समया काढतो."

"मग इथे का नाही काढल्या?"

"भजनं म्हणल्यावर समया नकोत व्हय?"

मी वरच्या हात जोडलेल्यांवर बोट ठेवलं.

"आणि या पुरुषांपैकी गातं कोण?"

"एकानं मांडव दिलाय. बाकीचे निवडणुकीला उभे ऱ्हाणारेत."

मी समया काढायला लावल्या. रिकामं दिसतं म्हणून त्याने शालनला ढगांवर बसवलं.

"आता कसं वाटतंय?"

"आता पोहोचली," मी म्हटलं.

शेवटी फक्त शालन आणि तिचे टाळ, असं साधं कव्हर करायला सांगून रिक्षाने गावात गेले. तिथे देवळासमोर जुन्याच चित्राचा फ्लेक्स लागलेला आणि त्याखाली ही गर्दी. शालनच्या भजनाला कधीही न फिरकलेली सगळी भावकी पांढऱ्या टोप्या घालून गंभीर बसली होती. शालन घरात, पदरात तोंड खुपसून.

"आक्का, कुठल्या तोंडानं जाऊ? लोकं रडाया आल्यात."

"मग गा. दुखवट्याला आलेला माणूस लगेच उठत नाही."

तिने डोळे पुसले, दारातून डोकावली. "चुलत सासरेबी आल्यात व्हय?" आणि पदर खोचून निघाली.

तिला बघून एक म्हातारी देवाचा धावा करू लागली. मग शालनचा आवाज लागला. उठावं की बसावं, कुणालाच कळेना. सगळ्यांच्या आधी उठायची लाज प्रत्येकाला. दुसऱ्या भजनाला माना डोलू लागल्या. कुठल्याही कार्यक्रमात मध्येच चहा मागणारे चुलत सासरे शेवटपर्यंत हलले नाहीत. जाताना म्हणाले, "पोरी, बरं झालं. जित्तेपणी ऐकलं."

घरी आल्यावर मी तिला नवं कव्हर पाठवलं. तिचा लगेच फोन.

"झ्याक हाय, आक्का. पण ते दुसऱ्या अल्बमला ठिवू. ह्याला पहिलंच ऱ्हाऊ द्या, माणसं येत्यात."

माझी अख्खी रविवारची धावपळ पाण्यात. दोन दिवसांनी समयांचं ते पहिलंच कव्हर छापून तबकड्यांशेजारी उभं केलं. घरी येणारे त्यापुढे हात जोडतात, आवाज खाली आणतात. मी काही समजावत बसत नाही. त्यांना खुर्ची देते आणि शालनचं गाणं लावते.